माळावरची लहान घोंगडी

मायाप्पा आबांना संध्याकाळी कुणी ‘चला’ म्हटलेलं खपत नसे. सकाळी म्हणा, भर दुपारी म्हणा, त्यांची ना नव्हती. दिवस कलला की मात्र तो शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. ‘उठू या’ म्हणायचं, ‘निघतो आता’ म्हणायचं, काहीच सुचलं नाही तर नुसतं उठून कपडे झटकायचे. मी तिथं रुजू झालो त्या पहिल्याच संध्याकाळी पिशवी उचलून ‘चला आबा, लावा कुलूप’ म्हणालो आणि त्या काळ्या, शिडशिडीत माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की, माझ्या हातून काही सांडलं का म्हणून मी खाली बघितलं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी पशुधन पर्यवेक्षक होतो आणि इंदापूर तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली होती. दवाखाना म्हणजे उघड्या माळावर पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आणि एक लिंब. डॉक्टरची जागा रिकामी, त्यामुळे कारभार माझ्याकडे, आणि मी आबांकडे. आबा परिचर होते, नोकरी लागल्यापासून तिथंच. बढती आली ती त्यांनी नाकारली होती, बदली आली ती कुणाकुणाचे पाय धरून रद्द करून घेतली होती. असल्या ठिकाणी राहण्यासाठी कुणाचे पाय धरणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

मी मागच्या खोलीत खाट टाकली. शनिवारी बारामतीला घरी जायचं, सोमवारी तोंड वाकडं करून परत यायचं. बारामतीत वाढलेल्या माणसाला आपण शहरातले आहोत असं उगीचच वाटत असतं, आणि मला ते जरा जास्तच वाटे. इथं वीज असून नसल्यासारखी, शेजार नाही, बोलायला माणूस नाही. संध्याकाळ झाली की करायचं काय, हा प्रश्न मला खायला उठायचा.

आबांना तो प्रश्नच नव्हता. पाच वाजून गेले की ते खोडा धुवायचे, औषधांच्या कपाटाला कुलूप लावायचे आणि आतून दोन घोंगड्या आणायचे. मोठी लिंबाखाली अंथरायची. तिच्या डाव्या कडेला लागून लहान, पोराच्या अंगाएवढी. काळी, पांढऱ्या काठाची, कसरीने खाल्लेली आणि जागोजाग शिवलेली. मोठीवर आपण बसायचं. लहान मोकळी ठेवायची. मला वाटलं, चहाचे पेले ठेवायला असेल.

‘बसा सायब,’ ते म्हणायचे. ‘उजेड मुरू द्या.’

लोणच्यात मीठ मुरतं तसा उजेड जमिनीत मुरतो, असं त्यांचं म्हणणं. तो मुरेपर्यंत दिवा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, कुणाला नाव घेऊन हाक मारायची नाही. एकदा मी छोटा रेडिओ काढला तर त्यांनी नुसता हात आडवा केला. मग आम्ही बसायचो. दगडांतून दिवसभराचं ऊन वर यायचं. उत्तरेला उजनीच्या पाण्याची रेघ दिसायची, आणि डाळज गावाच्या अंगाने पक्ष्यांच्या रांगा त्या रेघेकडे उतरायच्या. लांब हमरस्त्यावर एखादा ट्रक गुरगुरायचा. टिटवी ओरडायची आणि गप्प व्हायची. पहिला आठवडा मला कंटाळा आला, दुसरा आठवडा झोप आली, आणि तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की अर्धा तास झाला, मी कशाचाही विचार केलेला नाही. बायकोला हे कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, त्यात नवीन काय?

आमचा तिसरा गडी म्हणजे इब्राहिमभाई. फाट्यावर त्यांचं पंक्चर काढायचं आणि चहाचं असं दोन्ही मिळून एक दुकान होतं. दिवेलागणीच्या आधी सायकलच्या दांड्याला किटली अडकवून ते यायचे, चहा ओतायचे आणि आबांच्या उजव्या हाताला मांडी घालायचे. एरवी गिऱ्हाइकाशी तासभर बोलणारा माणूस, पण लिंबाखाली आला की त्यांचंही तोंड मिटायचं. मी एकदा त्यांना विचारलं, ‘तुम्हाला रोज यायला कंटाळा येत नाही?’

‘आबांना एकट्याला बसवत न्हाय मला,’ ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, ‘एकट्याला म्हंजी, आपलं बोलायची रीत हाय.’

तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आबांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आबांच्या तरुणपणी कळप मोडला, भाऊबंद शेतीला लागले, पण मेंढपाळाचं चालणं आणि मोजणं आबांच्या अंगातून गेलं नव्हतं. चालायचे ते असे लांब टांगा टाकत की त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत जायचं तर मला मधूनमधून पळावं लागे. आणि मोजायचे म्हणजे काहीही मोजायचे. खोड्यापुढच्या गाई, तारेवरची पाखरं, एसटीतून उतरलेली माणसं. बोट कधी दाखवायचे नाहीत. बोट दाखवून मोजलं की मोजलेलं कमी होतं, अशी त्यांच्यात समजूत. नुसती नजर फिरायची, जोड्या जुळायच्या, आणि ओठ एकदा हलायचे.

त्यांच्या मोजण्याचा मला एकदाच राग आला. पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरांना लस टोचायची असते. एका वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामावर, आम्ही सकाळपासून टोचत होतो. आबा दोरीच्या कुंपणाच्या फटीतून एकेक मेंढरू सोडायचे, मी टोचायचो, डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचो आणि कागदावर रेघ ओढायचो. शेवटी रेघा मोजल्या, एकशे चाळीस. मालकानेही तेवढीच सांगितली होती. मी सुई धुवायला घेतली.

‘एक ऱ्हायलं, सायब.’

‘आबा, एकशे चाळीस भरलीत. हा कागद बघा.’

‘कागद न्हवता फटीत बसल्याला. मी व्हतो. सात इसाला एक कमी हाय.’ आबांचं मोजणं विसांत, सात विसा एकशे चाळीस.

मी चिडून परत मोजायला उठलो. त्यांनी मला बसवलं, स्वतः उठले आणि सरळ बोरीच्या जाळीकडे गेले. जाळीच्या मागे एक मेंढी नुकतीच व्यालेली, ओल्या पिल्लाला चाटत बसली होती. तिच्या डोक्यावर ठिपका नव्हता. दुसऱ्या एका मेंढीने टोचताना दोनदा उसळी मारली होती, तिच्या नावावर मी दोन रेघा ओढल्या होत्या. माझा चेहरा बघून मालक हसला. आबा हसले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत, आणि मला वाटलं की माझी चूक त्यांनी फारच मनाला लावून घेतली. ती माझी नव्हतीच, हे मला पुढच्या चैत्रात कळलं.

चैत्रात पुण्याहून एक मोठे डॉक्टर तपासणीला आले. दप्तर बघून झालं, जीप डिझेल आणायला गेली होती, म्हणून तेही आमच्याबरोबर लिंबाखाली आले. माणूस हसतमुख. बसले ते नेमके लहान घोंगडीवर.

आबा लगबगीने म्हणाले, ‘सायब, जरा हिकडं सरकता का?’

‘का हो? राखीव जागा आहे का कुणाची?’ डॉक्टर हसले आणि तिथंच मांडी घालून बसले. आबांनी हात जोडले. इब्राहिमभाई किटलीकडे बघत राहिले. दोनेक मिनिटं गेली असतील, आणि डॉक्टर आपणहून उठले. पँटला मागे हात लावत म्हणाले, ‘अहो, ओली आहे ही.’

चैत्र महिना. माळावर पाण्याचा थेंब नव्हता. मी वाकून हात लावला. घोंगडी कोरडी ठणठणीत होती, पण गार होती. तिला लागून असलेली मोठी घोंगडी अजून दिवसाच्या उन्हाने कोमट होती. डॉक्टर त्यानंतर बसले नाहीत. जीप येईपर्यंत ते खोड्याला टेकून उभे राहिले आणि सारखे मनगटावरचं घड्याळ बघत राहिले.

जीपचा धुरळा खाली बसल्यावर मी आबांना सरळच विचारलं. मला वाटलं होतं की ते टाळतील. ते टाळायचे नाहीत, फक्त कुणी विचारायची वाट बघायचे.

‘ती ठकूची जागा हाय,’ ते म्हणाले. ‘माजी धाकटी भन. सात वर्साची व्हती.’

मग त्यांनी सांगितलं. माळाकडे तोंड करून, हळू आवाजात, कुणाला जाग येऊ नये अशा बेताने.

दिवाळीनंतर त्यांचा वाडा कोकणाच्या वाटेला लागायचा. त्या साली याच माळावर, याच लिंबाखाली ते दुपारी टेकले होते. दोन कोसावरच्या एका शेतकऱ्याचा सांगावा आला की रात्रीला माझ्या रानात मेंढरं बसवा, खत होईल. म्हणून ऐन तिन्हीसांजेला उठायचं ठरलं. घोडीवर संसार चढवला. पोरं दमून झोपली होती, ती घोंगडीत गुंडाळून तशीच घोडीवर बांधली. निघताना पोरं आणि मेंढरं मोजायचं काम म्हाताऱ्याचं, म्हणजे आबांच्या वडिलांचं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ते आबांवर सोपवलं. आबा तेव्हा मिसरूड फुटलेले.

‘मेंढरं मोजली, बराबर व्हती. मग घोडीवर हात फिरीवला. अंधारलं व्हतं. तीन पोरं, तीन डुया लागल्या हाताला. म्या वरडून सांगितलं, पुरी हायेत. बापानं म्हटलं, चला. आन समदी निघाली.’

ते थांबले. इब्राहिमभाईंनी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल कोण जाणे, पण त्यांनी मान खाली घातली.

‘तितं गेल्यावर उतरलं, तर ठकूच्या घोंगडीत कोकरू. सकाळी जलमल्यालं. त्येला थंडी वाजंल म्हून तिनं आपली घोंगडी त्येला दिली, आपल्या जागंला निजीवलं, आन आपुन गेली त्येची आई हुडकाया. आमी निघालो तवा ती हितंच कुठंतरी व्हती. कुणी ऐकली न्हाय, कुणी बघितली न्हाय. म्या म्हटलं व्हतं ना, पुरी हायेत.’

‘मग?’

‘मग काय. कंदील घिऊन परत आलो. रातभर हाका मारल्या. मेंढी घावली, कोकरासाटनं वाटंतनंच माघारी फिरल्याली, ह्या लिंबाखाली हुबी व्हती. ठकू न्हाय घावली. लांडग्यानं न्हेलं म्हणावं तर रगात न्हाय, कापडाची चिंधी न्हाय. आई सांगायची, हाका मारल्या म्हून ती भ्याली. तिन्हीसांजंला मारल्याली हाक वळखीची वाटत न्हाय. ती लांब लांब गेली.’

म्हणून ही नोकरी, हा माळ, ही मुकी संध्याकाळ. मेंढरू हरवलं तर त्याच्या मागे पळायचं नसतं, पळालं की ते आणखी बिचकतं. आपण दिसेल असं बसायचं आणि गप्प राहायचं, म्हणजे ते आपणहून जवळ येतं. आबा बत्तीस वर्षं बसले होते.

‘आली का मग?’ मी विचारलं. प्रश्न तोंडातून गेला आणि मला माझीच लाज वाटली.

‘रोज मोजतो की,’ आबा म्हणाले. ‘रोज एक जास्त भरतं.’

त्या रात्री मी मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावली आणि वर लसीचा जड खोकाही सरकवून ठेवला. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण विश्वास आणि कडी यांचा तसा काही संबंध नसतो.

यावर मी शनिवारी घरी बसून पुष्कळ विचार केला. म्हाताऱ्याच्या मनाला लागलेली टोचणी, दुसरं काय? माणूस बाकी सगळं अचूक मोजतो आणि इथेच एक जास्त मोजतो, कारण तेव्हा एक कमी मोजलं नाही. मला हे इतकं पटलं की मी निर्धास्त झालो आणि पुन्हा लिंबाखाली बसू लागलो. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळपर्यंत माझं छान चाललं होतं.

त्या संध्याकाळी वारा अजिबात नव्हता. पाण्यावरचं धुकं माळभर पसरलं होतं आणि सगळा माळ दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. मी जरा मागे, खोड्याच्या अंगाला बसलो होतो. चाळा म्हणून मी आबांसारखं मोजलं. बोट न दाखवता, नुसती नजर फिरवत, जोड्या लावत. इब्राहिमभाई आणि आबा, एक जोडी. मी आणि ती, दुसरी. चार.

चार भरले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात चार माणसं असावीत आणि चार मोजावीत, तसं ते सहज मोजलं गेलं. मग एकदम अंगावर सर्रकन काटा आला. मी मान वळवून नीट बघितलं. आबा, इब्राहिमभाई, मी. तीन. लहान घोंगडी मोकळी.

आबांनी मागे न बघताच विचारलं, ‘किती भरली?’

‘तीन,’ मी म्हणालो. ‘आधी चार.’

‘दुसऱ्यांदा मोजायचं न्हाय, सायब.’ ते हसले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. ‘दुसऱ्यांदा बघितलं की ती लाजती.’

त्यानंतर मी खोलीला कडी लावायचं बंद केलं. का, ते मला नीट सांगता यायचं नाही. भीती गेली असं नाही, पण ज्याच्यापासून भ्यायचं ते सात वर्षांचं आहे आणि त्याने आपली घोंगडी कोकराला दिली आहे, हे कळल्यावर दार लावून घेणं मला बरं वाटेना.

अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात माळावर माणसं आली, लोखंडी साखळ्या ओढू लागली, चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारू लागली. लोणी देवकरकडच्या औद्योगिक वसाहतीचा विस्तार या अंगाला होणार होता. दवाखाना गावात हलणार, माळाला तारेचं कुंपण पडणार. गावातल्या पोरांना नोकरीची आशा लागली आणि त्यात चूक काही नव्हतं. आबांची निवृत्तीही त्याच वैशाखात होती. त्यांचा मुलगा भवानीनगरला साखर कारखान्यात होता, कारभारीण आधीच तिकडे गेली होती. मुलाने दोन खोल्या घेतल्या होत्या. तो दर आठवड्याला निरोप पाठवायचा, कधी येताय?

आबा जेवेनासे झाले. संध्याकाळी बसायचे, पण उजेड मुरून गेला तरी उठायचे नाहीत.

‘कुपान घातल्यावर तिला वाट कुठनं घावायची, सायब?’ ते मला विचारायचे. मी सरकारी माणूस, मला कुंपणाचं परिपत्रक माहीत होतं. याचं उत्तर त्यात नव्हतं.

उत्तर दिलं ते इब्राहिमभाईंनी. एका संध्याकाळी चहा ओतता ओतता ते म्हणाले, ‘आबा, रागावू नका. एक इचारू? बसल्यालं मेंढरू धनी उठल्याबिगर उठतं का?’

‘न्हाय उठत.’

‘मग? तुमी बसलाय ती यायची वाट बघत. ती कवाच आलीया. ती बसलीया तुमी उठायची वाट बघत. तवा समद्यांना चला म्हटलं, तिला कुणी म्हटलं न्हाय. आता तुमी म्हणा.’

आबांनी हातातला पेला खाली ठेवला. बत्तीस आणि वर आणखी काही वर्षं ज्या शब्दाला त्यांनी संध्याकाळी जवळ येऊ दिलं नव्हतं, तो हा शब्द. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिथं आनंद नव्हता. ते घाबरले होते.

‘आन म्हटलं आन न आली तर?’ ते म्हणाले. ‘हितं बसून निदान एक जास्त तरी भरतंय. म्या चल म्हटलं, निघालो, आन तितं जाऊन मोजलं आन बराबर भरलं, तर मग काय करायचं इब्राहिमभाई? परत दुसऱ्यांदा टाकून गेल्यासारखं हुईल.’

इब्राहिमभाई रिकामे पेले गोळा करायला लागले.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी गावातल्या लोकांनी आबांना नारळ आणि टोपी दिली. मी चार शब्द बोललो, चारही सरकारी. मग माणसं पांगली आणि आम्ही तिघे नेहमीसारखे लिंबाखाली आलो. बारामतीची गाडी, भवानीनगरवरून जाणारी, दिवेलागण होऊन गेल्यावर फाट्यावर यायची. आबांची पत्र्याची पेटी इब्राहिमभाईंनी आधीच सायकलला बांधली होती.

ती संध्याकाळ फार सुंदर होती, हे मला आजही आठवतं आणि त्याचा थोडा रागही येतो. आभाळ स्वच्छ, वारा बेताचा, दगड कोमट. पक्ष्यांच्या रांगा रोजच्यासारख्या पाण्यावर उतरल्या. फक्कीच्या रेघा अंधारात जास्त पांढऱ्या दिसायला लागल्या. टिटवी एकदाही ओरडली नाही. आबा हात गुडघ्यांना बांधून बसले होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा आबा, गाडी चुकेल. आणि लगेच म्हणत होतो, नका म्हणू.

उजेड पुरता मुरल्यावर ते उठले. मोठी घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. मग लहान घोंगडीपुढे उकिडवे बसले. तिची घडी त्यांनी रोज घातली होती, पण त्या दिवशी तिला हात लावायला त्यांना फार वेळ लागला. शेवटी त्यांनी ती उचलली, छातीशी धरली, आणि कुणाला उठवताना जेवढ्या आवाजात बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाले,

‘चल, ठके.’

काही झालं नाही. लिंबाचं पान हललं नाही. इब्राहिमभाई सायकल धरून उभे होते, तेही हलले नाहीत. आबा उठले आणि पायवाटेने निघाले. मी त्यांच्या मागे.

नेहमी मला पळावं लागायचं. त्या संध्याकाळी मला पाय आखडून चालावं लागलं. आबा लहान लहान पावलं टाकत होते. उजव्या हातात घोंगडी, डावा हात जरा खाली, अंगापासून थोडा सुटा. बाभळीपाशी काटे असायचे, तिथं ते थांबले, थोडं थांबून परत निघाले. आम्ही त्यांच्या मागे दहा पावलांवर होतो. त्यांच्या पुढे जायचं ना माझ्या मनात आलं ना इब्राहिमभाईंच्या. ते आता ‘पुरी हायेत’ म्हणतील असं मला सारखं वाटत होतं, पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. बहुतेक त्यांना मोजायचा धीर होत नव्हता.

फाट्यावर गाडी आलीच. पुढचा दिवा एकच चालू, आत पिवळा बल्ब. इब्राहिमभाईंनी पेटी वर चढवली. आबा दाराच्या पायरीपाशी क्षणभर बाजूला उभे राहिले, मग चढले. खिडकीची जागा सोडून ते आतल्या बाजूला बसले. मी खाली, त्याच खिडकीशी उभा होतो. ‘पत्र पाठवा’ म्हणालो. आबांना लिहिता येत नव्हतं हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कंडक्टर नवा होता, या भागातला नव्हता. दमलेला, घाईतला माणूस. ‘कुठं, बाबा?’

आबांचा आवाज मला बाहेर ऐकू आला. ‘भवानीनगर. एक फुल, एक हाफ.’

कंडक्टरने मान वर करून एकदा आबांकडे पाहिलं, एकदा खिडकीच्या जागेकडे पाहिलं. त्याने दोन तिकिटं फाडली, पंच केली, आबांच्या हातात दिली आणि दोरी ओढली. गाडीने गचका घेतला. तो पुढच्या सीटकडे वळला होता, तो तसाच अर्धा मागे वळून सवयीने ओरडला,

‘ए पोरी, हात आत घे.’

इब्राहिमभाईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. गाडी माझ्या अंगाजवळून पुढे सरकत होती आणि ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोरून, हातभर अंतरावरून चालली होती. आबांचा चेहरा मला तिच्या पलीकडे दिसला. ते रडत होते, आणि बघत होते ते माझ्याकडे नव्हे.

मी मान खाली घातली. दुसऱ्यांदा बघायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.